वादळ, अंधार आणि घरचा जनरेटर: तुमचे अनुभव लिहा

तळ्याकाठी

आज सकाळी शेजारच्या आजोबांनी जनरेटर बाहेर काढून चालवून बघितला. जून लागला की ते दरवर्षी बघतात. तो घरघराट ऐकला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. २०२४ चं बेरिल वादळ आठवलं.

८ जुलै, सोमवार. पहाटे वादळ टेक्सासात माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्याकडे, ह्यूस्टनजवळच्या केटीत, उजाडायच्या आत वीज गेली. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते, त्यामुळे आपला नंबर कधी लागणार याचा काही अंदाजच नव्हता. सासरे तेव्हाच भारतातून आलेले. त्यांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळीतून हवा देणारं मशीन) लागतं आणि फ्रिजमध्ये त्यांचं इन्सुलिन. पहिल्या रात्री ते बसूनच झोपले. दुसऱ्या रात्री घर इतकं तापलं की भिंतीला हात लावला तरी गरम. मी टॉर्च घेऊन त्यांचा श्वास मोजत बसले होते. झोप लागली की श्वास अडायचा, ते दचकून उठायचे, आणि मला म्हणायचे, "तू झोप गं बाळा, मी ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंपणावरून नारिंगी वायर आली. मागोमाग आजोबांचा आवाज, फ्रिज लावा आणि वडिलांचं मशीन लावा, बाकी काही लावू नका. त्या रात्री बाबा आडवे होऊन झोपले. त्यांच्या मशीनचा तो सूं सूं आवाज ऐकत मी स्वयंपाकघरात बसून रडले.

यंदा बाबा परत येतायत. आजोबा थकलेत, त्यांच्या वायरीवर किती दिवस राहणार? नवरा म्हणतो, मोठा २२ किलोवॅटचा बसवून टाकू. मला वाटतं एवढा कशाला. तुम्ही काय घेतलंत, कसं ठरवलंत, काय चुकलं, सगळं लिहा.

आंबेमोहोर

वाचून अंगावर काटा आला गं. बाबांना नमस्कार सांग.

आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. मी विरजण वाचवलं!! अकरा वर्षांचं आहे, आईने डब्यात सुकवून पाठवलेलं. बर्फाच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवलं होतं. फ्रीजर मात्र पूर्ण गेला. गणपतीसाठी खवलेला नारळ, पुरण, सगळं काळ्या पिशवीत. जनरेटरचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

वायरमन

तळ्याकाठी, किती किलोवॅट हे शेवटी ठरवा. आधी कागद घ्या आणि काय चालू राहिलंच पाहिजे ते लिहा. तुमच्या बाबतीत फ्रिज, सीपॅप, एका खोलीचा एसी, दोन-तीन दिवे, फोन, राउटर.

फ्रिज चालताना साधारण १५० ते २०० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन-चार पट ओढतो. खिडकीतला लहान ५००० बीटीयूचा एसी ४५० ते ५०० वॅट. सीपॅप ३० ते ६०, पण पाणी गरम करणारा भाग चालू ठेवला तर जास्त. म्हणजे २००० वॅटच्या लहान इन्व्हर्टर जनरेटरवर बाबांची खोली आणि फ्रिज आरामात निघतात. होंडाचा २२०० वाला सलग १८०० वॅट देतो आणि गॅलनभरापेक्षा थोड्या कमी टाकीत कमी भारावर आठेक तास चालतो. आवाजही इतका कमी की शेजारी झोपू शकतात.

सगळं बदलतं ते सेंट्रल एसीमुळे. तीन टनाचा एसी चालताना तीन-साडेतीन किलोवॅट घेतो, सुरू होतानाचा झटका मात्र फार मोठा. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर तो झटका निम्म्याहून खाली येतो आणि मग मध्यम जनरेटरही एसी उचलतो. माझ्याकडे ७५०० वॅटचा आहे आणि सॉफ्ट स्टार्टर. बेरिलमध्ये एसी चालला. ओव्हन, ड्रायर, गीझर बंद ठेवायचं हे मुलांनासुद्धा पाठ आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून ड्रायरच्या सॉकेटमध्ये खुपसणारे लोक मी पाहिलेत, आपलेही. मेन ब्रेकर पाडायचा राहिला तर तुमची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन खांबावर हजारो व्होल्ट होते. तिथे कुणीतरी तुमच्यासाठीच तारा जोडत असतो. पॅनलवर इंटरलॉक बसवून घ्या, बाहेर जनरेटरची वायर जोडायला इनलेट बॉक्स, आणि परमिट काढून इलेक्ट्रिशियनकडूनच. इंटरलॉक म्हणजे साधी लोखंडी पट्टी असते, मेन खाली केल्याशिवाय जनरेटरचा ब्रेकर वर जाऊच देत नाही.

शुगरलँडकर

+१ इंटरलॉक.

रात्रपाळी

मी इमर्जन्सीत नर्स आहे. वादळाच्या दिवशी आमच्याकडे जखमी येतात, त्यानंतरच्या रात्री जनरेटरवाले.

एक कुटुंब विसरता येत नाही. नवरा, बायको, दोन मुलं. डोकं दुखतंय, मळमळतंय. त्यांना वाटलं उकाड्यानं झालं. जनरेटर गॅरेजमध्ये होता. मुलांचा बाबा मला परत परत सांगत होता, पण दार उघडं होतं ना, अर्धं उघडं होतं. पाऊस येत होता म्हणून आत घेतला होता. ते चौघं वाचले, कारण धाकटीला उलटी झाली आणि आई उठली.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. २०२० मध्ये लॉरा वादळ आलं तेव्हा लुईझियानात समुद्राच्या लाटेपेक्षा जनरेटरच्या धुराने जास्त माणसं गेली. वादळातून वाचलेली माणसं, झोपेत.

घरापासून कमीत कमी २० फूट लांब. धुराचं तोंड घराकडे नको, शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. गॅरेज नको, पोर्च नको, दार उघडं असलं तरी नको. बॅटरीवर चालणारा डिटेक्टर झोपायच्या खोलीजवळ. नवीन घेणार असाल तर धूर साठला की आपोआप बंद पडणारं मॉडेल घ्या. पण तो सेन्सर आहे म्हणून जवळ ठेवू नका. घरात सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर विचार करत बसू नका, आधी बाहेर पडा, मग ९११.

ड्युटीला निघते. हे लिहायचं होतंच.

आंबेमोहोर

रात्रपाळी, वाचून लगेच नवऱ्याला फोन केला. आमचा गॅरेजच्या दारातच असायचा. यापुढे नाही.

जर्सीची आत्या

आमचं सँडी वादळ, २९ ऑक्टोबर २०१२. तुमच्याकडे उकाडा, आमच्याकडे थंडी. बारा दिवस वीज नव्हती. आम्हाला एसीची गरज नव्हती, बेसमेंटमधल्या सम्प पंपाची (खाली साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) होती. वीज गेली, पंप बंद, आणि पाणी पायरी पायरीने वर. मी आणि मुलगा रात्रभर बादल्यांनी उपसत होतो. लग्नातले अल्बम खालीच होते. ते गेले. अजून ते कपाट उघडलं की ओल्या कागदाचा वास आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी जनरेटर दिला तर गॅस (म्हणजे पेट्रोल) नाही! पंपांच्या टाक्यांत गॅस होता, पण तो वर खेचायला स्टेशनला वीज नाही. मग १२ काउंट्यांमध्ये गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम लागू झालं. कॅन घेऊन तीन तास रांगेत उभी राहिले आहे मी. म्हणून म्हणते, मशीन कुठलं ते दुसरं, आधी ते काय पिणार आणि ते तुम्हाला मिळणार कुठून, ते बघा. आमच्या घरी नॅचरल गॅसची पाइप होती आणि ती सँडीत एक मिनिटही बंद पडली नाही. नंतर आम्ही पाइपवरचाच घेतला.

मुक्काम टॅम्पा

आत्या, अगदी. माझ्या गल्लीत पाइप नाही, त्यामुळे ड्युअल फ्युएल घेतला, गॅसोलिन आणि प्रोपेन दोन्ही.

त्याआधीची गोष्ट. २०१७ ला इर्मा येऊन गेलं आणि दुसऱ्याच महिन्यात मी हौसेने जनरेटर घेतला. एकदा चालवला, टाकी भरलेली तशीच ठेवून झाकून टाकला. २०२२ ला इयन येणार म्हणून बाहेर काढला. दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण चालू होईना. पाच वर्षांत आतला गॅस कुजून कार्बुरेटर चिकटला होता. इथेनॉल मिसळलेला गॅस काही महिन्यांतच खराब होतो. आता माझा नेम ठरलेला आहे. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार लावून चालवतो, ठेवायचा असेल तेव्हा टाकी आणि कार्बुरेटर रिकामा. कॅनमधल्या गॅसमध्ये स्टॅबिलायझर (तो टिकवणारं औषध), आणि वादळांचा सीझन संपला की तो गाडीत ओततो.

प्रोपेनची गंमत ही की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. तोटा म्हणजे ताकद थोडी कमी मिळते, साधारण दहा टक्के धरा. ग्रिलची २० पाउंडांची टाकी माझ्या मशीनवर निम्म्या भारात पाच-सहा तास जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टनला सहा टाक्या होत्या. दिवसभर बंद, संध्याकाळी सात ते सकाळी सात चालू, अशा तीन रात्री निघाल्या. चौथ्या दिवशी दुपारी वीज आली.

कोकणकडा

विषय थोडा वेगळा, पण वडील श्रीवर्धनला असतात. ३ जून २०२० चं निसर्ग. पत्रे, पोफळी, खांब, सगळं आडवं. कित्येक आठवडे वीज नव्हती. गावात एकाने जनरेटर भाड्याने आणला आणि सगळ्यांचे मोबाइल देवळात ओळीने चार्जिंगला. बाबांचा पहिला फोन आला तो तिथूनच, नवव्या दिवशी. तळ्याकाठीची नारिंगी वायर वाचली आणि ते देऊळ आठवलं.

आंबेमोहोर

@कोकणकडा नऊ दिवस... तुम्ही कसे राहिलात.

कोकणकडा

राहिलो कसले. दर तासाला फोन लावत होतो.

शुगरलँडकर

जेवण झालं, आता सविस्तर. आम्ही मोठा बसवलाय, २२ किलोवॅट, नॅचरल गॅसवर. वीज गेली की थोड्या सेकंदांत आपोआप चालू. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीनंतर ठरवलं, कारण तेव्हा धाकटी तीन आठवड्यांची होती. तिला आम्ही दोघांच्या मध्ये चार ब्लँकेटांत घेऊन झोपलो होतो.

सगळं मिळून १३ हजार डॉलर पडले. पण पैशापेक्षा वेळ लागला. बसवणाऱ्याने सहा आठवडे सांगितले आणि पाच महिने लावले. घराचा गॅस मीटर पुरेना, मोठा बसवावा लागला. तो अर्ज वेगळा, सिटीचं परमिट वेगळं. जागासुद्धा कुठेही चालत नाही, खिडक्या-दारांपासून निदान पाच फूट लागतात. हे कोटेशन घेतानाच विचारा.

बेरिलमध्ये आठ दिवस चालला. लोकांना वाटतं मोठा घेतला की बघायला नको. तसं नाही. रोज थोडा वेळ बंद करून तेल बघावं लागतं. चौथ्या दिवशी माझं तेल खाली गेलं होतं. घरात दोन बाटल्या होत्या म्हणून निभावलं, दुकानं तर बंदच होती. नवा असेल तर पहिलं तेल लवकर बदलायचं असतं, तेही पुस्तिकेत बघा.

त्या आठ दिवसांत आमच्याकडे अकरा माणसं झोपत होती. दिवाणखान्यात गाद्या. रोज खिचडी, कधी पिठलं. मुलांना अजून वाटतं ती सुट्टी होती.

तळ्याकाठी

अकरा माणसं! किती छान. आमची एचओए (घरमालकांची सोसायटी) आडवी येईल का? त्यांची पत्रं सारखी येत असतात.

शुगरलँडकर

टेक्सासात २०१५ पासून कायदा आहे, पक्का बसवलेला स्टँडबाय जनरेटर एचओए सरसकट नाकारू शकत नाही. जागा, आडोसा, चाचणीची वेळ याबाबत नियम घालू शकते. अर्ज लेखीच द्या.

पाटीपेन्सिल

अपार्टमेंटवाल्यांनी काय करायचं 😔 बाल्कनीत जनरेटर चालत नाही, आणि वरचं वाचल्यावर मी तो ठेवणारही नाही. मी एक किलोवॅट-तासाचं बॅटरीचं पॉवर स्टेशन घेतलं. धूर नाही, आवाज नाही, पलंगाशेजारी ठेवता येतं. माझ्या आईचं सीपॅप पाणी गरम करणारा भाग बंद ठेवून दोन रात्री निघतं. फ्रिज मात्र फार वेळ नाही. तळ्याकाठी, सासऱ्यांसाठी असं एक ठेवच, जनरेटर घेतलास तरी. रात्री जनरेटर अचानक बंद पडला तर बॅटरी सांभाळून घेते.

आणि छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ताईंच्या घरी भर उन्हात पॅनल होती आणि घरात अंधार. ग्रिड गेली की बॅटरीशिवायचं सोलर स्वतःला बंद करून घेतं, लाइनमनच्याच सुरक्षेसाठी.

वायरमन

@पाटीपेन्सिल बरोबर. टेक्सासवाल्यांसाठी: एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याआधीच्या शनिवार-रविवारी आणीबाणीच्या सामानावर सेल्स टॅक्स नसतो, ३००० डॉलरच्या आतला पोर्टेबल जनरेटर त्यात येतो. यंदाचा गेला. वादळाचं नाव ठेवलं की मग दुकानात मिळत नाही.

आंबेमोहोर

आले परत. फ्रिज न उघडता चार तास धरतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा असेल तर २४. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून गोठवा. आणि वाटीत बर्फ करून वर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं असेल तर सगळं फेकायचं, जीव कितीही तुटला तरी.

कुणाला विरजण हवं असेल तर केटी-सिंको रँच भागात आणून देईन.

जर्सीची आत्या

मला टपालाने पाठव गं. सुकवून.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. रात्रपाळीच्या मजकुराशी तो गप्पच झाला.

मोठा नको असं ठरलं. लहान इन्व्हर्टर जनरेटर, बाबांच्या खोलीला खिडकीचा एसी, आणि सीपॅपसाठी बॅटरी. इंटरलॉकसाठी इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय, पुढेमागे मोठा घ्यावा लागला तर इनलेट तयार असेल. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, यंदा वायर तुझ्याकडून माझ्याकडे.

आत्ता टेप घेऊन अंगणात मोजून आले. लिंबाच्या झाडाजवळ ठेवला तर घरापासून २३ फूट येतात, आजोबांच्या खिडकीपासून ३०. माझी वायर २५ ची आहे, आत खोलीपर्यंत पुरणार नाही. ५० फुटी जाड, १२ गेजची घेऊ ना, वायरमन?

वायरमन

हो, १२ गेज, बाहेर वापरायची. एकच सलग घ्या, दोन जोडू नका.