तान्ह्या पोळ्याला फेस पेंटिंग: ६० लेकरं, दोन तास, आम्ही दोघी. काय घ्यायचं, कुठून सुरुवात करायची?

वर्गणीदार:
आमच्या कॉलनीत (मानेवाडा, नागपूर) तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लहान मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी सजावट आणि वेशभूषा असते. यंदा फेस पेंटिंगचा स्टॉल आमच्या दोघींकडे दिलाय. रांगोळी, वारली वगैरे हात चालतो, पण चेहऱ्यावर कधी काम केलेलं नाही. साधारण ६० मुलं, वय २ ते १०. वेळ ४ ते ६. मांडव आहे, पण पाऊस आला की बाजूने ओलावा येतोच.

विचारायचं असं:
१) बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) स्टेशनरीच्या दुकानात "नॉन-टॉक्सिक" लिहिलेले पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक मिळतात, ते चालतील का?
२) रंग किती लागेल?
३) दोन तासांत ६० चेहरे होतील का? बहुतेकांना वाघच हवा असणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

रेघोट्या:
पहिल्याचं उत्तर नाही, आणि त्यात पळवाट नाही. "नॉन-टॉक्सिक" म्हणजे चुकून थोडं पोटात गेलं तर विषबाधा होणार नाही, एवढंच. दोन तास घामेजल्या त्वचेवर राहायला तो रंग बनलेला नसतो. ॲक्रिलिक तर वाळून प्लास्टिकची पापडी होते. ओढून काढताना लव उपटते, गाल लाल होतो. घरचं कुंकू, गुलाल, शेंदूरही नको. बाजारच्या शेंदरात शिसं सापडतं. काळ्या रेघांसाठी "इन्स्टंट काळी मेंदी"चा कोन कोणी सुचवेल, त्याला हातही लावू नका. त्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असतं, त्याने फोड येतात आणि डाग राहतात.

तुम्हाला हवा तो पाण्याने चालणारा फेस पेंट, वडीच्या रूपातला. स्नाझारू, मेहरॉनचा पॅराडाइज, क्रायोलानचा ॲक्वाकलर, वूल्फ, डायमंड एफएक्स ही त्यातली नावं. डबीवर घटकांची यादी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

यात ढोबळ दोन जाती आहेत. ग्लिसरीनवाला मऊ, स्पंजने छान पसरतो, पण घाम किंवा पाणी लागलं की पुन्हा ओला होतो. मेणवाला (वूल्फ, डायमंड एफएक्स) लवकर वाळतो आणि रेघ धारदार येते. तुमचा कार्यक्रम पावसाळी दमटपणातला, म्हणून काळा आणि पांढरा मेणवाला घ्या. बाकी रंग कोणतेही चालतील.

६० मुलांना पांढरा आणि काळा साधारण ३० ग्रॅमची एकेक वडी, केशरी, पिवळा, लाल, निळा, हिरवा लहान डब्या. दोघींचं टेबल एकच असेल तर एवढं पुरून उरतं. टेबलं वेगळी असतील तर काळा-पांढरा दोनदा घ्या, नाहीतर अर्धा वेळ "ताई, काळा इकडे दे" यातच जाईल.

ब्रश प्रत्येकीला चार: गोल २ आणि ४ नंबरचे, एक ६ नंबरचा, एक अर्ध्या इंचाचा चपटा. सिंथेटिक केसांचेच. पाण्याचे ग्लास दोन, पहिल्यात रंग सोडवायचा, दुसऱ्यात खळबळायचा. ब्रश ग्लासात उभे ठेवू नका, टोक वाकतं आणि पत्र्याच्या नळीतला गोंद सुटतो.

बर्डीकर:
तिसऱ्या प्रश्नाचा हिशोब आधी करा, खरेदी नंतर.

दोघी गुणिले १२० मिनिटं म्हणजे २४०. पाणी बदलणं, पोरगं बसवणं, आरसा दाखवणं, आई फोटो काढते तोवर थांबणं, यात माणशी २० मिनिटं धरा. उरली २००. सरावलेल्या हाताला पूर्ण चेहऱ्याचा वाघ ५ मिनिटांत जमतो आणि गालावरचं चित्र अडीच मिनिटांत. म्हणजे २० वाघ आणि ४० गाल, बरोबर २०० मिनिटं. नवख्या हाताला वाघ ८ मिनिटं आणि गाल ३ मिनिटं घेतो. तेव्हा २०० मिनिटांत फक्त ४ वाघ बसतात, बाकी ५६ गाल. यापुढे एकही वाघ वाढवला की रांग अंधार पडेपर्यंत.

म्हणून पूर्ण चेहरा यादीतूनच काढा. फलकावर सहा ते आठच चित्रं लावा: फुलपाखरू, संत्रं, मोरपीस, नंदी, तारा असं काही. तीस चित्रांचा कॅटलॉग ठेवला तर पोट्टे निवडण्यातच दोन-दोन मिनिटं खातात.

रांग मुळीच लावू नका. आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटा, १ ते ६०. बोजारा (नंदी घेऊन दारी आलेल्या पोरांना मिळणारे पैसे, खाऊ) मागायला चार घरं फिरून येतील तोवर त्यांचा नंबर येतो, आणि रांगेतली रडारड टळते. साडेपाचला चिठ्ठ्या वाटणं बंद. हे काम रंगवणाऱ्यांनी करायचं नाही, तिसरा माणूस ठेवा. "आमच्या बाळाचं जरा लवकर" म्हणणाऱ्या काकूंना नाही म्हणण्याचा स्वभाव ज्याच्यात आहे, तोच.

वर्गणीदार:
हिशोब पाहून धडकी भरली. पण वाघ नाही म्हटलं तर पोरं ऐकणार नाहीत हो. ताडोबा, पेंच शेजारी असून वाघ नाही?

रेघोट्या:
मग अर्धा वाघ करा. स्पंजचा केशरी थर पूर्ण वगळायचा. खाली फक्त त्वचा, वर वाघाच्या खुणा. सरावाने तीन मिनिटांत होतो आणि दमट हवेत पूर्ण चेहऱ्यापेक्षा जास्त टिकतो, कारण वितळायला थरच नसतो.

क्रम असा. पांढऱ्याने वरच्या ओठावर नाकाच्या दोन्ही बाजूंना फुगीर थेंब, आणि दोन्ही भुवयांवर एकेक. थेंब काढायची रीत: ६ नंबरचा ब्रश दाबून टेकवा, ओढता ओढता उचला. दाब कमी होत गेला की शेपटी आपोआप निघते. मग केशरीचे गालावर दोन-तीन पट्टे. ३०-४० सेकंद वाळू द्या, तेवढ्यात नाकाचा शेंडा काळा करा आणि तिथून ओठापर्यंत एक उभी रेघ आणा. शेवटी काळे पट्टे ४ नंबरने, कानाकडून नाकाकडे निमुळते होत जाणारे, गालावर तीन-तीन. कपाळावर तीन, पण फेटा बांधायचा असेल तर कपाळ सोडा, नाहीतर वाघ फेट्याला लागतो. पांढऱ्या थेंबांवर चार ठिपके, झालं. फिका रंग आधी, काळा सगळ्यात शेवटी, हे उलटं झालं की सगळं राखाडी.

पाण्याचं प्रमाण हीच खरी गोम आहे. ओला ब्रश वडीवर दहा-बारा वेळा गोल फिरवा, दौतीतल्या शाईपेक्षा जरा दाट झालं पाहिजे. आधी स्वतःच्या मनगटावर एक रेघ ओढून पाहा. थेंब जमून ओघळला तर पाणी जास्त. रेघ मध्येच तुटून खरखरीत झाली तर कमी. जाड थर दिला तर हसताना तडकतो.

करंगळी मुलाच्या हनुवटीवर टेकवून ठेवा, तो हलला की तुमचा हातही सोबत हलतो. पापणीजवळ काम असेल तर "डोळे घट्ट मिट" म्हणू नका. घट्ट मिटले की सुरकुत्या पडतात आणि उघडल्यावर मध्ये कोऱ्या चिरा दिसतात. "झोपल्यासारखं कर" म्हणा. डोळ्याखाली रंगवताना "वर मांडवाकडे बघ".

साबणपाणी:
त्वचेचं कोणी बोललं नाही म्हणून.

तीन वर्षांखालच्यांना चेहऱ्यावर काही नाही. त्यांचा हात सतत डोळ्यांत आणि तोंडात असतो. मनगटाच्या वर एक छोटा नंदी काढा, पाहून खूशही होतात.

डोळे आलेत, नागीण, कांजिण्या, ओठावर फोड, पिवळ्या खपल्यांचं इसब, उघडी जखम, यातलं काही दिसलं तर रंगवायचं नाही. मुलासमोर "तुला काहीतरी झालंय" असं म्हणू नका, पालकाला बाजूला घेऊन सांगा. चेहरा रंगवून झाल्यावर लक्षात आलं तर तो स्पंज फेका, ब्रश बाजूला काढा, वडीचा वरचा थर टिश्यूने खरवडून टाका.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस आधी लिहा: त्वचेची ॲलर्जी असल्यास कळवा, शंका असेल तर आदल्या दिवशी येऊन कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून २४ तास पाहा. कार्यक्रमातच लावून पाच मिनिटं बघण्याला पॅच टेस्ट म्हणत नाहीत.

ग्लिटर यावेळी नकोच. क्राफ्टची चमकी डोळ्याला टोचते. कॉस्मेटिक दर्जाची बारीक मिळते, पण लहान पोरं डोळे चोळतात.

बर्डीकर:
खाली आधी पावडर किंवा कोल्ड क्रीम लावली तर रंग सहज निघतो असं म्हणतात, ते राहिलं.

साबणपाणी:
क्रीमवर पाण्याचा रंग धरतच नाही, घसरतो आणि ठिपक्याठिपक्याने फाटतो. आपल्याकडे पोरं तेल चोपडूनच मांडवात येतात, तेही पुसावं लागतं. ओल्या कापडाने चेहरा पुसा, कोरडा करा, मग रंग. पावडरने रेघ खडूसारखी होते. काढताना मात्र तेल कामाचं. आधी साबणाचा फेस हाताने फिरवून कोमट पाण्याने धुवा. लाल किंवा निळ्याची छटा राहिली तर खोबरेल बोटाने चोळून पुन्हा साबण. बेबी वाइप्सने घासत बसू नका, गाल सोलवटतो.

पावसाचे थेंब पडले तर टिपायचं, पुसायचं नाही. हे पालकांनाही सांगून ठेवा.

वर्गणीदार:
अर्धा वाघ, आठ चित्रं, चिठ्ठ्या. आजपासून एकमेकींच्या हातावर थेंब काढतो. उरलेला रंग पुढच्या वर्षी चालेल ना?

रेघोट्या:
डबीवरच्या मुदतीत असेल आणि वास बदललेला नसेल तर चालेल. त्या दिवशी रात्री डब्यांची झाकणं लावू नका. पंख्याखाली उघड्या ठेवा आणि वड्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच बंद करा. ओल्या डबीचं झाकण लावलं तर पावसाळ्यात आठवड्याभरात वर बुरशीची लव येते.