मदत हवी आहे : चिविता दी बान्योरेजोच्या पुलावर गुडघेदुखीवाल्या आईला नेता येईल का?

जूनच्या सुरुवातीला आई, बायको आणि मी रोमला जातोय. कुणीतरी आईला चिविताचा फोटो पाठवला: मधोमध टफाच्या (ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या) खडकावर इवलंसं गाव, चारी बाजूंना दरी, आत जायला फक्त एक लांबलचक पायी पूल. झालं, कोलोसियम नसलं तरी चालेल पण हे बघायचंच!

आई सत्तरीची आहे. रोज फिरते, सपाटीवर काही त्रास नाही, पण चढाला गुडघे बोलतात. बायकोला उंचीची भीती. मी वाचलंय त्यानुसार पूल साधारण ३०० मीटर आहे, गाड्यांना बंदी आहे आणि आत जायला ५ युरोचं तिकीट आहे. रोमहून ट्रेनने ओर्व्हिएतो, तिथून बसने चिवितालगतचं बान्योरेजो गाव असा बेत आहे. चढ नक्की कसा आहे? वाटेत टेकायला जागा आहे का? आई पूर्ण शाकाहारी, तिला काय मिळेल? आणि शनिवार बरा की रविवार?

प्रतिसाद १
रविवार नकोच. ओर्व्हिएतोहून जाणारी कोत्रालची (तिथली प्रादेशिक बससेवा) निळी बस रविवारी नसते. त्यात जूनच्या पहिल्या रविवारी चिविताच्या चौकात गाढवांची शर्यत असते, तोबा गर्दी. शनिवारीही रोमकर लोटतात. सोमवार-मंगळवार बघा.

पूल काँक्रीटचा आहे, झुलता नाही, दोन्ही बाजूंना कठडा आहे. वहिनींनी दरीकडे न बघता समोर बघत चालावं. सुरुवातीला चाल सोपी आहे, पण शेवटचा टप्पा चांगलाच उभा आहे, आणि सावली औषधालाही नाही. सकाळी लवकर गाठा. आईंना घाई करू नका, कठड्याला धरून थांबत थांबत जमेल. मात्र खरी दमछाक पुलाआधीच होते. बस थांबते तिथून पूल जवळजवळ दोन किलोमीटर आहे, अख्खं बान्योरेजो ओलांडावं लागतं. तिथे छोटी शटल बस मिळते, ती घ्याच.

प्रतिसाद २
खाण्याचं टेन्शन नाही. निखाऱ्यावर भाजलेला पाव, वर लसूण, ऑलिव्ह तेल, टोमॅटो. फक्त 'मांस नको, मासे नको' दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर अँकोव्ही येऊ शकतात.

गावात फार तासांचं काम नाही. दगडी वेस, सान दोनातोचा चौक, चर्च, फुलांच्या कुंड्या लावलेले जिने. चौकात मात्र निवांत बसा. खालची माती धुपत असल्याने खडकाच्या कडा ढासळत आल्यात, काही घरांचा नुसता दर्शनी भाग उरलाय. जुना पूल दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मनांनी उडवला, आताचा १९६५चा.

अगदीच नाही जमलं तर पुलाच्या अलीकडच्या बेल्व्हेदेरेवरून, म्हणजे देखावा बघायच्या जागेवरून, पूल आणि गाव एका नजरेत दिसतं. आई तिथे बसू शकतील.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार! सोमवार नक्की केला. बेल्व्हेदेरेचं आईला सांगितलं तर म्हणाली, "काठी घेते, पण मला बाकावर बसवून तुम्ही दोघं जाऊ नका." तेव्हा शटल घेऊन पूल चढायचाच. बसचं तिकीट ड्रायव्हरकडे मिळतं का?

प्रतिसाद १
तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्या, बसमध्ये महाग पडतं. परतीचंही तेव्हाच घेऊन टाका. आणि उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, बस मोजक्याच असतात.