अनुभव धागा : नागपुरात नाव बांधायची तर...

फुटाळा तलावापासून खिंडसी तलावापर्यंत पाणी आहे, लाकडाला लकडगंजचा बाजार आहे. तरी नवी नाव म्हटली की तयार माल येतो, तोही बाहेरचा. ज्यांच्या हाताला हे काम माहीत आहे त्यांनी लिहा. आठवणी नकोत, माप, माल आणि चुका सांगा.

लाकूडकाम

१४ फुटी, तळाशी ३ फूट रुंद नावेला इंची फळी धरली तर घट धरून १२ घनफूट साग लागतो. वनखात्याचा हातोड्याचा शिक्का आणि टीपी (वाहतूक परवाना) पाहूनच घ्या. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. ताजा बर्मा ओंडका आहे म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. ओंडक्याच्या कडेचा पांढरा भाग फळीत आला की तिथूनच कूज सुरू होते.

सांधीत कापसाची वात, वर जवसाच्या तेलात विरघळवलेली राळ. राळ जास्त झाली की उन्हात तडकते.

खरी गडबड मे महिन्यात. काठावर उलटी ठेवलेली नाव इतकी वाळते की सांधीतून उजेड दिसतो. ते पाहून लोक वात खच्चून भरतात. जूनमध्ये फळ्या फुगतात, फुगायला जागा नसते, मग खिळेच उपटून येतात. दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, गळती आपोआप कमी होते. उरेल तेवढीच सांध भरा.

फायबर

तेवढ्याच नावेला चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचतंतूच्या मॅटचे चार थर : १४ किलो मॅट, ती भिजवायला ३२ ते ३५ किलो रेझिन, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) वेगळा. नागपूरच्या उन्हाळ्यात रेझिन डब्यातच घट्ट होऊन बसतं, म्हणून काही जण हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) एक टक्क्याच्या खाली नेतात. मग थर आतून कच्चा राहतो आणि पाणी लागलं की फोड येतात. हार्डनर कमी करण्यापेक्षा पहाटे पाचला काम धरा आणि किलो-किलोच कालवा, पसरट घमेल्यात. कोबाल्ट (रेझिनला वेग देणारं द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र करू नका भाऊ, भडका उडतो.

धंदा का बसला म्हणाल, तर साचा एका नावेच्या कितीतरी पट महाग. दहा-बारा नावा एकदम असल्या तर परवडतं. टेंडर निघतं दोन नावांचं. बाहेरच्या कारखान्याच्या साच्याचा खर्च पुष्कळ नावांवर फिटतो.

रबरी बोट

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा वस्त्यांमध्ये याच उतरल्या. हवा ०.२५ बार (दाबाचं माप) भरून उन्हात ठेवली आणि आतली हवा २७ वरून ६० अंशांवर तापली, तर दाब ०.३९ वर जातो. जोड सुटतो तो यामुळे. दुपारी थोडी हवा सोडा. पीव्हीसीच्या बोटीला ठिगळ लावायला दोन भाग कालवून वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन) सोल्यूशनच लागतं, सायकलचं पंक्चर सोल्यूशन धरत नाही.

साच्यातली प्लास्टिक नाव

हिला रेझिन चिकटतच नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकच्या काडीने गरम हवेवर वेल्डिंग करा. त्याआधी भेगेच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती पुढे चालतच राहते.

मासेमारीची ट्यूब

ट्रकच्या टायरची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून मासे धरतात, पण ट्रकची टायरं ट्यूबलेस होत चालली, चांगली ट्यूबही मिळेना. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, खाली असला की जाळ्याचा दोर त्यातच अडकतो.