जुन्या मशीनच्या कार्पेटमध्ये पाचच रंग का असायचे?

धागादोरा: ब्रसेल्स कार्पेटबद्दल जिथे वाचावं तिथे पाच फ्रेम, पाच रंग असंच लिहिलेलं असतं. पण जुन्या कार्पेटचे फोटो नीट बघितले तर सात-आठ रंग सहज मोजता येतात. मग ही पाचची भानगड काय आहे? आणि जॅकार्ड (छिद्रांच्या कार्डांवरून धागे उचलणारं यंत्र) आल्यावर कितीही रंग घालता यायला हवे होते ना?

उभाताणा: जॅकार्ड फक्त कुठला धागा वर उचलायचा ते ठरवतं, बाकीचे धागे जातात कुठे ते बघा. फ्रेम म्हणजे मागामागची चौकट, प्रत्येक फ्रेममध्ये एका रंगाच्या लोकरीची बॉबिन्स (रिळं), म्हणजे एकेका टाक्यामागे पाच धागे तयार, त्यातला एक वर येऊन आडव्या घातलेल्या तारेवरून जातो आणि उरलेले चार कार्पेटच्या पोटात सपाट पडून राहतात, कोणाला दिसतही नाहीत. तार ओढून काढली की वर लूप राहतात, ते ब्रसेल्स. तारेच्या टोकाला पातं असेल तर लूप कापले जातात आणि मखमल होते, ते विल्टन. सहावा रंग म्हणजे अजून एक धागा पोटात, वजन वाढलं, किंमत वाढली. सात-आठ रंग दिसतात ती प्लॅंटिंगची करामत, एकाच फ्रेममध्ये थोड्या बॉबिन्स लाल, थोड्या निळ्या लावायच्या. तो निळा मग लांबीच्या ठराविक पट्ट्यातच सापडतो, फोटोत बघा.

जुनामाग: वरचं बरोबर, पण खरी गंमत व्हायटॉकची. एडिंबराच्या या माणसाने 1832 मध्ये पेटंट घेतलं, धागा विणायच्या आधीच मोठ्या ड्रमवर गुंडाळून त्यावर रंग छापायचे, तेही डिझाइन लांबच लांब ताणून, कारण लूप होताना धागा आक्रसतो आणि फूल आपोआप मापात येतं. एकाच धाग्यावर सगळे रंग, पोटात काही वाया नाही. कडा जरा फिसकटलेल्या दिसतात, मला तर त्याच आवडतात. तारा मशीनने घालायचं-काढायचं काम 1840 च्या दशकात अमेरिकेत बिगेलोने जमवलं आणि त्याचे हक्क इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या क्रॉसली या कार्पेटवाल्यांनी घेतले, त्यात किडरमिन्स्टर या तिथल्याच कार्पेटच्या गावातल्या हातमागवाल्यांचे हाल झाले.

धागादोरा: अच्छा, म्हणजे दोष लोकरीच्या हिशोबाचा. मग ऍक्समिन्स्टर नावाच्या कार्पेटमध्ये एवढे रंग कसे?

उभाताणा: कुठलं ऍक्समिन्स्टर? 1755 चं व्हिटीचं हाताने गाठी मारलेलं, त्यात हवे तेवढे रंग, विणणाऱ्याची कमाई आणि वेळ गेला खड्ड्यात. मशीनवालं स्किनरने 1870 च्या दशकात काढलं, त्यात डिझाइनच्या प्रत्येक आडव्या ओळीला वेगळा स्पूल, त्या ओळीचे रंग ओळीने गुंडाळलेले. टफ्ट (वर दिसणारा लोकरीचा झुपका) लावला की कापला, त्यामुळे आत पडून राहायला धागाच नाही. फक्त स्पूल भरायचं काम किचकट, म्हणून छोट्या ऑर्डरला परवडायचं नाही.

जुनामाग: म्हणून तर पुढे ऍक्समिन्स्टरचाच ग्रिपर माग आला, चोचीसारखा चिमटा जॅकार्डने समोर धरलेला रंग ओढून घेतो. स्पूल भरायची कटकट गेली, पण रंग परत मोजके झाले, साधारण आठ.