मदत हवी आहे : यशया ५३:११ मधील ‘प्रकाश’ हा शब्द मूळचा की नंतरचा?

चर्चच्या मराठी अभ्यासवर्गासाठी मी बायबलच्या जुन्या करारातील यशया या पुस्तकाच्या ५३ व्या अध्यायावर टिपण तयार करीत असून अकराव्या वचनापाशी अडलो आहे. १९४७ साली मृत समुद्राजवळील कुमरान येथील पहिल्या गुहेत सापडलेल्या, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील यशयाच्या मोठ्या गुंडाळीत तेथे ‘तो प्रकाश पाहील’ असे आहे. इसवी सन १००८ च्या लेनिनग्राड हस्तलिखितात (हिब्रू बायबलच्या संपूर्ण हस्तलिखितात) मात्र ‘पाहील’ एवढेच असून कर्म नाही. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरातही ‘प्रकाश’ आढळतो, म्हणून हा केवळ एका लेखनिकाचा दोष वाटत नाही.

इस्रायल म्युझियमच्या संकेतस्थळावरील त्या गुंडाळीच्या छायाचित्रात चव्वेचाळिसाव्या स्तंभात तो शब्द मी स्वतः पाहिला आहे. मला हिब्रू अक्षरे वाचता येतात, व्याकरण फारसे येत नाही. कोणता पाठ श्रद्धेला अधिक सोयीचा, हा माझा प्रश्न नाही. केवळ हस्तलिखितांच्या आधारे निर्णय कसा करतात, हे समजून घ्यायचे आहे.

‘यिर्ए’ (पाहील) आणि ‘ओर’ (प्रकाश) या लागून येणाऱ्या हिब्रू शब्दांत आलेफ व रेश ही समान अक्षरे असल्यामुळे नक्कल करताना दुसरा शब्द गळला असावा, हे स्पष्टीकरण पाठचिकित्सेत (हस्तलिखिते ताडून मूळ शब्द ठरवण्याच्या अभ्यासात) ग्राह्य ठरते का, की अपुरे वाटणारे वाक्य पूर्ण करण्यासाठी कोणीतरी तो शब्द नंतर घातला, असे मानण्यास अधिक सबळ कारण आहे?