४० केव्हीए जनरेटरसाठी ६३ अँपिअरचे कनेक्टर परवडत नाहीत, दुसरा मार्ग आहे का?

धूरवाला_जनरेटर

नमस्कार मंडळी. माझं स्टेजच्या लाइट-साउंडचं काम आहे. जनरेटर ४० केव्हीए, थ्री फेज, ४१५ व्होल्ट. आत्तापर्यंत प्रत्येक कार्यक्रमाला जनरेटरच्या टर्मिनलवर थिंबल (टोकाला दाबून बसवायची भोकाची पट्टी) मारलेली केबल नटबोल्टने आवळायची आणि रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून ती सोडवायची, असं चाललंय. केबल चार कोरची, १६ चौरस मिमीची कॉपर फ्लेक्झिबल. अर्थिंगची वायर वेगळी, टेपने बांधलेली. बोल्टचे आटे झिजलेत. मागच्या महिन्यात एक वॉशर अंधारात कुठे पडला तो अजून सापडलेला नाही, अल्टरनेटरच्या डब्यात नसला म्हणजे मिळवलं.

आता लाल रंगाचे इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट लावायचं ठरवलंय. हिशेब ५५-५६ अँपिअरचा येतो, म्हणजे ६३ चेच हवेत. पण ३२ आणि ६३ च्या किमतीत एवढी दरी आहे की बघून मागे फिरलो. दोन्ही टोकं आणि एक जादा जोडी धरली तर बजेट कोलमडतं. बिनब्रँडचे स्वस्त मिळतायत, दिसायला हुबेहूब तसेच. घ्यावेत का? की जुने वापरलेले शोधू?

फ्यूजउडाला

घ्या घ्या. पहिल्याच कार्यक्रमात धुराचं मशीन वेगळं लावायला नको.

टाँगटेस्टर

दादा, आधी एक सांगा, ५५ अँपिअर हा जनरेटरचा आकडा झाला, तुमच्या लोडचा किती? ४०,००० भागिले १.७३२ गुणिले ४१५, हे पाटीवरचं गणित. पूर्ण लाइट लावून, साउंड वाजत असताना तिन्ही फेजवर एकेक करून टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून अँपिअर मोजायचा मीटर) लावा. मी २५ वर्षं वायरमनकी केली, पण पाटीएवढा लोड रोज ओढणारी स्टेज फार थोडी पाहिली.

माझ्या मते चूक ‘एकच मोठा कनेक्टर’ या विचारात आहे. जनरेटरशेजारी एक डबा कायमचा बसवा. जनरेटर ते डबा तुमची १६ ची केबल आखूड कापून थिंबलनेच जोडा, एकदाच, नीट आवळून. ती रोज सोडायची नाही, मग तिथे कनेक्टर हवाच कशाला? डब्यात मेन एमसीसीबी (मोठा ब्रेकर) आणि त्यापुढे ३२ अँपिअरचे दोन फोर-पोल एमसीबी (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारे छोटे ब्रेकर), प्रत्येकाला ३२ चं पाच पिनांचं सॉकेट. एकावर लाइट, दुसऱ्यावर साउंड. पुढे पाच कोर ६ चौरस मिमीची रबर केबल. ३० मीटर लांबीला २५ अँपिअरवर फेजमागे साधारण अडीच व्होल्ट पडतात, चालून जातं. ३२ च्या प्लगमध्ये फ्लेक्झिबल वायर ६ पर्यंतच बसते, तुमची १६ ची त्यात कोंबू नका. आणि डिमरचा (लाइट कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) गुणगुणाट साउंडमध्ये येतो ती तक्रारही जरा कमी होईल, हा वरचा फायदा.

चार पिनांचं स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. त्यात न्यूट्रल (करंटच्या परतीची वायर) नसतो, आणि तुमचे अँप सिंगल फेजवर चालतात. टेपने बांधलेली अर्थिंगही मनातून काढा. ती प्लगच्या ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या आवळायच्या बुचातून) बाकीच्या वायरांबरोबर धड आवळली जात नाही.

जुने घ्यायला माझी ना नाही. बंद पडलेल्या कारखान्यांचे, पॅनल बदलताना काढलेले सॉकेट मिळतात. आयईसी ६०३०९ मानकाचे असतील तर वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लग-सॉकेट एकमेकांत बसतात, त्यामुळे प्लग एकाचा आणि सॉकेट दुसऱ्याचं असं जुळवून स्वस्तात काम होतं. फक्त अँपिअर, पिनांची संख्या आणि ‘६ एच’ ही खूण (अर्थिंगच्या पिनेची जागा सांगणारी) तिन्ही जुळली पाहिजेत. झाकण उघडून आत बघा: पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, पितळ काळं-निळं पडलंय का. असेल तर फुकट दिलं तरी नको. नव्या स्वस्त मालाला लोहचुंबक लावून बघा. पिन जोरात चिकटली तर ती पितळेची नाही, मुलामा दिलेलं लोखंड आहे.

पाचवी_पिन

वरच्या काकांच्या न्यूट्रलच्या मुद्द्याला माझी जळलेली साक्ष. बिनब्रँडचाच प्लग होता. न्यूट्रलच्या स्क्रूखाली बारीक तारांचा झुबका नुसताच दाबलेला, फेरूल (तारांच्या टोकावर दाबून बसवायची छोटी नळी) नाही. दोन-तीन कार्यक्रमांत गरम होऊन तो ढिला झाला. कार्यक्रम चालू, एका फेजवर सगळे हॅलोजन, दुसऱ्यावर फक्त मिक्सर आणि दोन छोटे अँप. न्यूट्रल सुटला आणि कमी लोडवाल्या फेजला मीटरवर ३४० व्होल्ट दिसले, एरवीपेक्षा कितीतरी जास्त. मिक्सरची पॉवर सप्लाय ‘फट्’ करून गेली. आधी एक गोडसर जळका वास आला होता, मी तो धुराच्या मशीनचा समजलो. दिवे मात्र मंद पडले तरी चालूच होते, त्यामुळे कोणाला काही कळलंच नाही.

तेव्हापासून प्रत्येक टोकाला फेरूल. आणि नवीन जोडणीनंतर पहिला कार्यक्रम झाला की स्क्रू पुन्हा एकदा आवळतो. कॉपर दबतं, स्क्रू ढिला होतोच.

अजून एक. ट्रसला (लाइट टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) चेन होइस्ट (साखळीने वर-खाली करणाऱ्या मोटरी) असतील तर फेजचा क्रम तपासा. आमच्याकडे दोन फेज उलटे लागले, ‘वर’चं बटण दाबलं आणि ट्रस खाली यायला लागला. क्रम उलटला की लिमिट स्विचवरही (टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणाऱ्या स्विचवर) भरवसा ठेवता येत नाही.

धूरवाला_जनरेटर

काल रिहर्सलला टाँग टेस्टर लावला. सगळं चालू असताना ३८, ३१ आणि २६. लाइट आणि साउंड वेगवेगळे मोजल्यावर दोन्हीकडे कुठलाच फेज २४ च्या वर गेला नाही. म्हणजे मी ६३ साठी रडत होतो ते उगाच.

डब्याचंच करतोय. एकच शंका, जनरेटरकडे पिनवालं टोक लावलं तर चालेल का? माझ्याकडे एक तसं पडून आहे.

टाँगटेस्टर

अजिबात नाही! जिथून करंट येतो तिथे नेहमी भोकांचं सॉकेट, पिन लोडकडे. नाहीतर प्लग काढला की उघड्या पिनांवर ४१५ व्होल्ट, आणि तुमचा हात टॉर्च शोधत असणार. आणि चालू लोडवर प्लग ओढायचा नाही, आधी एमसीबी पाडा, मग काढा. ते पडून असलेलं टोक केबलच्या डब्याकडच्या बाजूला लावा, वाया जाणार नाही. ३२ चं आणि पाच पिनांचंच आहे ना, तेवढं बघून घ्या.