जुना छोटा ट्रॅक्टर ३.४० लाखांना घ्यावा का? मदत हवी आहे

दिंडोरी तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे, ओळीतलं अंतर ९ फूट. ६०० लिटरचा ब्लोअर (फवारणी यंत्र) चालवायला आणि अधूनमधून रोटाव्हेटरला २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, २०१८ चा ट्रॅक्टर बघितलाय. मालक ३.४० लाख सांगतोय. नवा बजेटमध्ये बसत नाही, कर्ज काढायचं नाही, आणि गोडी छाटणीच्या (फळांसाठीच्या छाटणीच्या) आधी गाडी दारात हवी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा इंजिन आधीच तापवून ठेवलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता गेलो, बॉनेटला हात लावून गार असल्याची खात्री केली. दुसऱ्या सेल्फला चालू झाला, पांढरा धूर मिनिटभर, मग साफ. पण ऑइलचं झाकण उघडल्यावर हलका धूर येत होता. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, दहा मिनिटांत चार बोटं खाली आला. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) ठीक. पुढच्या एका हबला तेलाचा ओलावा.

खरी शंका मीटरची. दाखवतो २,१०० तास, पण क्लचच्या पायडलचं रबर झिजून लोखंड चकाकतंय! मालक म्हणतो, "ड्रायव्हर बूट घालायचा." (आमच्याकडे फवारणीला बूट घालणारा ड्रायव्हर मी तरी पाहिला नाही.)

आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही, तेव्हा तो प्रश्न सोडा.

झाकणातल्या एवढ्या धुरावरून इंजिनकाम जवळ आलंय असं धरायचं का? मीटर सोडून खरे तास कशावरून ओळखता? आणि तुम्ही असता तर कितीला मागितला असता?